शेवटच्या थेंबाचे म्हात्रे सर

म्हात्रे सर कपात चहा ओतायच्या आधी तो कप चहानेच विसळायचे. किटलीतून घोटभर चहा कपात घ्यायचा, कप गोल फिरवायचा, सगळ्या कडांना चहा लागला की तो बेसिनमध्ये ओतून द्यायचा आणि मग खरा चहा भरायचा. मी कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नवीन रुजू झाले होते. स्टाफरूममध्ये हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा हा गृहस्थ एकतर फार सोवळ्याचा असावा नाहीतर थोडा सरकलेला, असं माझं मत झालं. न राहवून मी म्हटलं, "सर, कप धुतलेला आहे हो."

"पाण्याने धुतलाय. म्हणजे आत पाणी राहिलं. त्यावर चहा ओतला की चहा पातळ."

"इतक्याशा पाण्याने?"

"तुम्हाला इतकंसं वाटतं," म्हणाले आणि शांतपणे चहा पिऊ लागले.

हे खूळ कुठून आलं ते मला पुढे कळलं. प्रयोगशाळेत ब्युरेट नावाची एक उंच, खुणा केलेली काचेची नळी असते. तिच्या तोटीतून द्रव थेंबाथेंबाने सोडतात. ती आधी पाण्याने विसळायची आणि मग जो द्रव भरायचा त्याच द्रवाने पुन्हा विसळायची, हा रसायनशास्त्राचा नियम. सर गेली कित्येक वर्षं मुलांकडून तो घोटून घेत होते आणि घोटता घोटता तो त्यांच्या स्वतःच्या हाडीमांसी खिळला होता. वहिनी सांगायच्या की घरी आमटीची वाटीसुद्धा ते आमटीने विसळायचे. पहिल्या वर्षी त्या भांडल्या, मग त्यांनी आमटीच जास्त करायला सुरुवात केली.

आमचं कॉलेज ठाणे-बेलापूर रस्त्यापासून आत. एका अंगाला महापेच्या आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या अंगाला तुर्भ्याकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि माझी लायब्ररी यांच्यात एक पातळ भिंत होती, आणि त्या भिंतीत एक दार होतं जे कधीच नीट लागत नसे. त्यामुळे सरांचा आवाज, त्यांचे वास आणि त्यांचे विद्यार्थी हे सगळं माझ्याकडे न विचारता येत असे. मी परभणीकडची. समोरच्या माणसाला तोंडावर बोलायची आमच्याकडची सवय आहे, ती मी इथे येऊनही सोडलेली नाही. सरांनी ती का खपवून घेतली कोण जाणे. ते इथल्याच खाडीकाठच्या जुन्या गावातले आगरी. भोवती सोसायट्यांचे टॉवर उभे राहिले तरी त्यांचं घर गावठाणात, मिठागरावर राबलेल्या वडिलांनी बांधलेलं. वर्गात बोलायला लागले की स्वच्छ प्रमाण मराठी आणि मधेमधे इंग्रजी. पण राग आला, प्रेम आलं किंवा भीती वाटली की त्यांचा 'ण' कुठेतरी पळून जायचा आणि 'आहे'चं 'हाय' व्हायचं. मला ते आधी 'मॅडम' म्हणत. वर्षभरात त्यावरून 'बाय'वर आले. आगरी घरात लेकीबहिणींना असं म्हणतात हे कळल्यावर मी तो मान मुकाट्याने घेतला.

कॉलेजात स्मार्टबोर्ड आले तेव्हा अर्धा स्टाफ त्यांच्यापासून हातभर लांब उभा होता. कोणी म्हणे नजर जाते, कोणी म्हणे मुलं बिघडतात. खरं कारण एवढंच की तो चालू कसा करायचा हे मुलांसमोर विचारायची लाज वाटत होती. म्हात्रे सरांना असली लाज नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी मागच्या बाकावरच्या एका पोराला पुढे बोलावलं. "तू मला हे शिकव, मी तुला बेंझिन शिकवतो. कोण आधी शिकतं बघू." आठवड्याभरात ते रेणू पडद्यावर असे गरागरा फिरवायला लागले की पलीकडचा भौतिकशास्त्राचा वर्ग दारात येऊन उभा राहायचा.

पण फळा काढायला त्यांनी साफ नकार दिला. प्राचार्यांनी समजावलं की सर, भिंत मोकळी होईल, रंग देऊ, कॉलेजची तपासणी करायला समिती येणार आहे. सर म्हणाले, "साहेब, आमच्या बापाने होडीला इंजिन बसवलं, पण वल्ही फेकून नाही दिली. खाडीत मधेच इंजिन बंद पडतं." प्राचार्य मूळचे देशावरचे. त्यांना होडीतलं काही कळेना, म्हणून त्यांनी विषय सोडला. फळा राहिला. सरांच्या शर्टाच्या खिशात खडू आणि स्मार्टबोर्डचा पेन शेजारी शेजारी असत आणि तो पेन कायम पांढरा झालेला असे.

त्यांची शिकवायची रीत अशी. आधी फळ्यावर खडूने रेणू काढायचा, अगदी सावकाश. खडूच्या वेगाने हात चालतो आणि हाताच्या वेगाने डोकं, असं त्यांचं म्हणणं. मुलांनीही तो वहीत काढायचा. मग स्मार्टबोर्डवर तोच रेणू फिरवून दाखवायचा, मुलांनी आपापल्या मोबाइलवर फिरवायचा. आणि मग चिकणमातीचे गोळे आणि काड्यापेटीतल्या काड्या घेऊन तो हाताने करायचा. माती ते गावाहून, खाडीच्या कडेची आणत. ती वाळली की तिचा पांढरट भुगा साऱ्या मजल्यावर पसरे आणि झाडूवाल्या मावशी त्यांचा उद्धार करत. सर त्यांना चहा पाजायचे. अर्थात कप विसळून.

एकदा त्यांनी अमाइन्स शिकवायला डबा आणला. अमाइन हे काय प्रकरण असतं ते मला ठाऊक नव्हतं, त्या दिवशी नाकाला कळलं. डब्यात मासळी होती, आदल्या दिवशीची. दार नेहमीप्रमाणे अर्धवट उघडं. माझ्या वाचनकक्षात तेव्हा स्पर्धा परीक्षेची मुलं बसली होती, ती एकेक करून नाकाला रुमाल लावून उठली. मी तरातरा प्रयोगशाळेत गेले.

"सर, हे काय चाललंय?"

"या, या! बरोबर वेळेवर आलात. वास येतो?"

"येतो म्हणजे? अख्ख्या मजल्याला येतो."

"हा वास म्हणजे अमाइन. आता बघा." त्यांनी दुसऱ्या डबीतून कोकमाचं आगळ काढलं, मासळीवर ओतलं, चोळलं आणि डबा माझ्या नाकापुढे धरला. वास निम्म्याच्या खाली आला होता. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "आमची आय शाळेत गेली नव्हती. मासळीला आधी आंबट लावायचं हे तिला तिच्या आयनं सांगितलेलं. का लावायचं, ते आज तुम्ही तुमच्या आयांना घरी जाऊन सांगा." पुढच्या बाकावर दिवाळे गावची एक मुलगी होती, आई मासळी विकणारी. ही मुलगी एरवी दप्तराला सेंट मारून यायची. त्या दिवशी तिने हात वर करून सांगितलं की आमच्याकडे चिंच लावतात. मग चिंच की कोकम यावर वर्गात जी खडाजंगी झाली ती तास संपला तरी आवरेना. मी भांडायला गेले होते आणि त्यांच्या स्टुलावर बसून ऐकत राहिले. माझ्या वाचनकक्षाची खिडकी मात्र दोन दिवस उघडी ठेवावी लागली.

मग टाळेबंदी आली आणि सगळं ऑनलाइन झालं. सरांनी घराच्या पडवीत एक काळा फळा ठोकला, समोर स्टूल, स्टुलावर डबे, डब्यांवर मोबाइल. पहिल्याच तासाला त्यांना पडद्यावर स्वतःची अक्षरं उलटी दिसली. आपल्याला आपण आरशासारखे उलटे दिसतो, पण पलीकडच्यांना सगळं सरळच दिसतं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, बिचाऱ्या पोरांना हे असं वाचावं लागतंय. कोणाला एक फोन केला असता तर उलगडा झाला असता. पण सरांनी पोरांच्या त्रासाचा धसका घेतला आणि उलटं लिहायला शिकायचं ठरवलं. वहिनी मागे आरसा धरून उभ्या, सर फळ्यावर उजवीकडून डावीकडे अक्षरं काढतायत, हा कार्यक्रम दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पूर्ण तासभर उलटं लिहून शिकवलं. त्यांना पडद्यावर सगळं सरळ दिसत होतं आणि ते खूश होते. पलीकडे साठ-सत्तर पोरांच्या मोबाइलवर सगळं उलटं!

गंमत अशी की त्या दिवशीचा विषयच आरशातल्या प्रतिमेसारख्या रेणूंचा होता. डाव्या आणि उजव्या हातासारखे, दिसायला सारखे पण एकावर एक न बसणारे. त्यामुळे मुलांना वाटलं, ही सरांची नवी पद्धत. दिघ्याची प्रणाली तेव्हा पहिल्या वर्षाला होती. तिचे वडील महापेला एका कारखान्यात हेल्पर, घर एका खोलीचं. तिने मोबाइल कपाटाच्या आरशापुढे धरला आणि सगळं घर आरशात बघून रेणू शिकलं. तास संपल्यावर निरोपांचा पाऊस पडला. "सर, भारी आयडिया!" "सर, मान गये!" "आता डोक्यात फिट बसलं, सर." सर बुचकळ्यात पडले. कसली आयडिया ते त्यांना कळेना. शेवटी प्रणालीनेच आरशासमोरचा फोटो पाठवला, तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

पुढच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये प्राचार्यांनी या अभिनव पद्धतीचं तोंड भरून कौतुक केलं आणि समितीच्या अहवालात घालतो म्हणाले. गप्प बसायचं आणि पाठ थोपटून घ्यायची, एवढंच काम होतं. पण सरांनी माइक चालू केला.

"साहेब, ते घालू नका. ती पद्धत नव्हती, माझी चूक होती." आणि त्यांनी आरसा, वहिनी, डबे, सगळं सांगून टाकलं. सगळ्या चौकोनांमधले चेहरे हसू दाबत होते.

"पण सर, परिणाम तर चांगला झाला ना?" प्राचार्य म्हणाले.

"परिनाम चांगला आला म्हनून चुकीचा प्रयोग बरोबर होत नाय, साहेब."

प्राचार्यांनी चहा आला म्हणून कॅमेरा बंद केला. मी मात्र त्या दिवसापासून म्हात्रे सरांची पक्की माणूस झाले. कौतुक परत करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

कॉलेज पुन्हा भरलं. सर परत आले, फळा परत आला. पण हळूहळू एकेक चमत्कारिक गोष्ट घडायला लागली. सर लायब्ररीत पेपर वाचायला आले की थेट खिडकीशी जाऊन उभे राहायचे. एक दिवस म्हणाले, "बाय, तुमची ट्यूब बदला. पार मंद झालीय." मी बदलून घेतली. चार दिवसांनी पुन्हा तेच. मी पुन्हा कार्यालयात अर्ज केला, तिथल्या कारकुनाचे टोमणे ऐकले, दुसरी ट्यूब बसवली. "आता कसं?" मी विचारलं. सर म्हणाले, "हं, बरं आहे," आणि पेपर घेऊन खिडकीशी गेले. मी कपाळावर हात मारला, पण त्यापलीकडे माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

त्याच सुमारास त्यांनी नवं यंत्र उभं केलं. एका स्टँडला जुना मोबाइल आडवा बांधला, खाली चंबू. चंबूत आम्ल असतं, त्यात रंग दाखवणाऱ्या द्रावाचे दोन थेंब. वरच्या ब्युरेटमधून अल्क थेंबाथेंबाने सोडायचा. चंबू पाण्यासारखा स्वच्छ असतो, आणि एक थेंब असा येतो की सगळं द्रावण फिकट गुलाबी होतं, इतकं फिकट की आहे की नाही असं वाटावं. तिथेच थांबायचं. त्यापुढे एक थेंब जास्त पडला की राणी रंग येतो आणि प्रयोग वाया जातो. हा नेमका थेंब ओळखणं ही सरांची ख्याती. आसपासच्या कॉलेजांतले मास्तर त्यांना 'शेवटच्या थेंबाचे म्हात्रे' म्हणत. आता मोबाइल चंबूकडे बघायचा, चित्र स्मार्टबोर्डवर मोठं दिसायचं आणि एक अ‍ॅप रंगाचा आकडा सांगायचं. मागच्या मुलांनाही दिसायला लागलं. बाहेरच्या कॉलेजातले लोक बघायला आले. प्राचार्य पुन्हा अहवालाच्या गोष्टी करू लागले. या वेळी सर काही बोलले नाहीत.

प्रणाली एव्हाना शेवटच्या वर्षाला आली होती. विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आलेली, त्यामुळे रोज सराव चाले. त्या दिवशी मी मुदत उलटलेली पुस्तकं परत मागायला प्रयोगशाळेत गेले होते. प्रणाली ब्युरेटपाशी होती, एक हात तोटीवर, दुसऱ्या हाताने चंबू हलवत. सर तिच्या मागे, नजर स्मार्टबोर्डवर.

"सर, झालं," ती म्हणाली.

"नाही अजून. बोर्डवर बघ, पांढरा आहे. एक थेंब टाक."

तिने सरांकडे पाहिलं, थेंब टाकला. चंबू राणी रंगाचा झाला.

"आता आला," सर म्हणाले.

"आता पुढे गेला, सर."

"तोटी सावकाश सोड. पुन्हा कर."

तिने सगळं पुन्हा भरलं. मला खरं तर जायचं होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी थांबले. ती पुन्हा थांबली. "झालं, सर." मी दोन पावलांवर होते, रसायनशास्त्रातला ओ की ठो मला कळत नाही, तरी चंबूतला गुलाबी मला दिसत होता. पडद्यावर मात्र तो पांढरा होता.

"थेंब टाक ना, बाळा."

"नाही, सर."

म्हात्रे सरांना 'नाही' म्हणणारं तोवर तिथे कोणी नव्हतं.

"मोबाइल नाय म्हनतोय," सर म्हणाले. त्यांचा 'ण' गेलेला मी ऐकला.

"मोबाइल चुकतोय, सर. तुम्ही चंबूत बघा ना."

सरांनी चंबू उचलला. ब्युरेटखाली असतो त्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ठेवला, वाकून पाहिलं. खिडकीकडे नेला. चष्मा वर केला, खाली केला. बराच वेळ गेला. प्रणाली त्यांच्या जवळ गेली आणि कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "सर, तुम्हाला दिसत नाहीये का?"

सरांनी चंबू खाली ठेवला. "नाय दिसत, बाय. मना दिसत नाय."

मला वाटलं आता ते निघून जातील. पण ते स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "ऐका. मोबाइलच्या कॅमेऱ्याला एक सवय असते. समोरचं जे जवळजवळ पांढरं असेल ते तो पांढरंच करून टाकतो. फिकट गुलाबी म्हणजे त्याला दिव्याचा दोष वाटतो, तो आपणहून धुऊन काढतो. मी हे तपासायला हवं होतं. नाही तपासलं, कारण मला त्याची गरज होती. माझे डोळे अधू झालेत आणि मी ते लपवत होतो. प्रणालीचं बरोबर आहे. या यंत्रावर ज्यांनी ज्यांनी माझ्या सांगण्यावरून थेंब टाकले, त्या सगळ्यांनी प्रयोग पुन्हा करा." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "आजचे थेंब तू बघ." ते उठून अर्धवट उघड्या दारातून लायब्ररीत आले.

मी मागोमाग आले. ते कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. "डोल्यांवरचं एखादं पुस्तक हाय का?"

"पुस्तक कशाला? मोबाइलवर सगळं मिळेल."

"त्याचं नाव नको काढू आज."

मोतीबिंदू आहे हे त्यांना वर्षापासून ठाऊक होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि ते टाळत होते. त्यांच्या आईचा एक डोळा फार वर्षांपूर्वी असल्याच ऑपरेशननंतर पिकला आणि गेला. पुढे ती म्हातारी कोलंबी नुसत्या बोटांनी चाचपून सोलायची. "ती सोलायची, बाय. मी कं करू? भाषन कुठलाही मास्तर करील. परीक्षेला टेबलाटेबलापाशी उभं राहून हा थेंब बरोबर, हा चूक, हे सांगायचं, तेवढाच मी म्हात्रे. ऑपरेशननं हाय ती नजर पन गेली तर?"

खरं सांगते, मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मला अशा वेळी रागच आधी बाहेर काढता येतो. "नवं यंत्र आलं की पळू नका, हात लावून बघा, हे रोज त्या दारातून ऐकतेय मी. आणि स्वतःची वेळ आली की तुम्ही मागच्या बाकावर? तुमच्या आईच्या वेळची हत्यारं वेगळी होती, आत्ताची वेगळी. आणि मी तुमच्यापायी दोन ट्यूब बदलल्या, त्याचं काय?"

ते हसले, डोळे पुसत हसले. "तुझी जीभ लई तिखट हाय गो."

"आमच्याकडे मिरचीच पिकते," मी म्हटलं आणि वहिनींना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना जाऊन सांगितलं की या वर्षी मी परीक्षक म्हणून बसणार नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच होत होतं. त्यांच्या जागी एक तरुण प्राध्यापक बसले. बाहेर आल्यावर सर माझ्या टेबलाशी उभे राहून उगाच शिक्क्याच्या पॅडची उघडझाप करत राहिले. ते फार खचले होते.

परीक्षेच्या आठवड्यात ते ऑपरेशन होऊन घरी, डोळ्यांवर काळा चष्मा. पण वर्गाच्या ग्रुपवर रोज सकाळी त्यांचा आवाज यायचा. "ब्युरेट विसळलीत का? कशाने विसळली? नुसत्या पाण्याने विसळली असेल तर घरी परत जा." पोरं ते मोठ्याने लावून प्रयोगशाळेत शिरायची. बाहेरून आलेले परीक्षक दचकून आवाज कुठून येतो ते शोधायचे. प्रणाली पास झाली, चांगल्या गुणांनी. महापेच्या एका कारखान्यात तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला नोकरीही लागली.

त्याच उन्हाळ्यात संस्थेने माझी बदली पनवेलकडच्या शाखेत केली. शेवटच्या आठवड्यात मी कपाटांतल्या पुस्तकांची मोजदाद करून देत होते. प्रणाली पुस्तकं परत करायला आली होती. तेवढ्यात मधल्या दारातून हाक आली, "बाय, ही भिंत निळी कवा केली?"

सर होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच कॉलेजात आले होते. ती भिंत मी आल्यापासून निळीच होती, हे मी सांगितलं. ते चकित होऊन भिंतीवरून हात फिरवत राहिले. मग माझी साडी किती भडक आहे ते त्यांना त्याच दिवशी कळलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. अजून चंबूतला गुलाबी मात्र त्यांनी पाहिला नव्हता. त्या वाटेला जायला ते घाबरत होते हे दिसत होतं. टेबलावरच्या बाटल्या सरळ करत, उगाच चाळा करत होते.

शेवटी प्रणालीच म्हणाली, "सर, एक करू का?"

"कर."

तिने ब्युरेट विसळून भरली. सरांनी स्टँडवरचा मोबाइल चालू केला. आधी त्याच्यापुढे पांढऱ्या फरशीचा तुकडा धरला, सेटिंगमध्ये काहीतरी केलं आणि मला म्हणाले, "आता तो स्वतःच्या मनानं काय धुनार नाय. पुढच्या वर्षीच्या मागच्या बाकांना लागेल हा." मग ते स्मार्टबोर्डकडे पाठ करून, चंबूसमोर स्टूल ओढून बसले. चष्मा काढून खिशात ठेवला.

थेंब पडत होते. पडला तिथे क्षणभर गुलाबी, हलवलं की नाहीसा. प्रणालीने हात आखडता घेतला. आणखी एक. मग एक अर्धा, तोटीच्या टोकाला लोंबणारा, काचेला टेकवून घेतला. तिने हात थांबवला, पण 'झालं' म्हटलं नाही. सगळा चंबू गुलाबी झाला होता, लहान मुलाच्या नखासारखा फिकट.

"आला," सर म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते बघत होते. तो रंग हवेत फार वेळ टिकत नाही. हळूहळू तो विरत गेला, आणि सर तो पार जाईपर्यंत बघत राहिले. चंबू पुन्हा पाण्यासारखा झाला. प्रणालीने तो धुवायला उचलला.

"परत कर," सर म्हणाले.

ती जागच्या जागी थांबली. "काय चुकलं, सर?"

"काय नाय चुकलं गो. मना परत बघायचं हाय."